पाच नंबरचा खांब

चांगुणाबायने खांबाला कान लावला, डोळे मिटले, आणि जरा वेळाने मला म्हणाली, "आज गप हाय."

मी उगारलेला हातोडा खाली घेतला. डॉक्टरने स्टेथोस्कोप कानाला लावावा आणि दारातल्या म्हाताऱ्या आत्याने त्याआधीच निदान सांगून टाकावं, तसं मला झालं.

"कोण गप आहे?"

"तुमी वाजवा. तुमचं काम करा," असं म्हणून ती पुन्हा खिडकीखाली जाऊन बसली आणि फाटकं जाळं विणायला लागली. साठीची बाई. पाठ ताठ, हात अखंड चालू, नजर मात्र खांबावर.

"तिच्याकडं लक्ष देऊ नका, सर," मोतीराम नाखवा हळूच म्हणाले. हे भाटखोलच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. "नवरा दर्यात गेला तेव्हापासून असंच हाय. बोट सुटायच्या आधी येते, कान लावते. बायका तिला विचारून नवऱ्यांना सोडतात."

"आणि खांब नको म्हणाला तर?"

"तर काय, सर. त्या दिवशी बाजारात मासळी कमी."

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात 'काँक्रीटचा टिकाऊपणा' नावाचा विषय शिकवायचो. तो ऐच्छिक होता, म्हणजे ज्यांना दुसरा कुठलाच मिळाला नाही ती मुलं माझ्याकडे यायची. सुट्टीत मी इमारती तपासायचो. त्या वर्षी जिल्ह्यातून फर्मान निघालं होतं की चार माणसं जमतात अशा प्रत्येक हॉलला इंजिनिअरचा दाखला हवा. भाटखोलचा हॉल चोवीस वर्षांचा, समुद्रापासून शंभर पावलांवर, आठ खांबांचा. लग्नं तिथेच, सभा तिथेच, आणि नारळी पौर्णिमेला चारशे माणसं तिथेच नाचणार. नाखव्यांना दाखला पौर्णिमेच्या आत हवा होता. मला वाटलं होतं, दीड दिवसाचं काम.

माझ्याबरोबर लॅबमधला इकबाल मुजावर होता. बावन्न वर्षांचा, मिरजेकडचा. त्याच्या घराण्याकडे एका दर्ग्याची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यामुळे भुताखेतांची त्याला भीती नव्हती. ती घरातली माणसं असल्यासारखं तो बोलायचा.

मी खांब वाजवत निघालो. चांगलं काँक्रीट हातोडीखाली टणत्कार करतं. एक, दोन, तीन, चार, टण्‌, टण्‌. पाच नंबरला हातोडी लागली आणि आवाज झाला तो रिकाम्या माठासारखा. मी पुन्हा मारली. तसाच आवाज, पण किंचित उशिरा आला असं वाटलं. असं होत नसतं. मी तिसऱ्यांदा मारली नाही.

"सर, इकडे बघा," मुजावर म्हणाला.

खांबाच्या समुद्राकडच्या अंगाला उभी भेग होती, छातीपासून गुडघ्यापर्यंत. मे महिन्याची दुपार, फरशी पायाला चटके देत होती, आणि त्या भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर ओल होती. छत कोरडं, पाया कोरडा, आजूबाजूला नळ नाही. मुजावरने बोट लावलं आणि मी नको म्हणायच्या आत जिभेवर ठेवलं.

"खारट," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "डोळ्यातल्यासारखं."

"मिठाला हवेतलं पाणी ओढायची सवय असते," मी म्हणालो. "समुद्रकाठी हवा दमट. यात काही नाही."

"मी कुठं म्हटलं, काही आहे म्हणून?"

इथे मला थोडं शिकवावं लागेल, त्याला इलाज नाही. काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी दगड नसतं. त्यात केसाहून बारीक असंख्य वाटा असतात. समुद्राची खारी हवा खांबाला लागते, मिठाचा क्लोराइड नावाचा अंश त्या वाटांनी आत शिरतो, आणि वर्षाला एखादा मिलिमीटर, कधी त्याहून कमी, अशा चालीने लोखंडाकडे सरकत राहतो. त्याला कसलीही घाई नसते. आतल्या सळईवर एक अदृश्य पापुद्रा असतो, काँक्रीटनेच दिलेला. तो आहे तोवर सळई गंजत नाही. क्लोराइड पोचला की पापुद्रा फाटतो, सळई गंजते, गंज फुगतो, आणि खांब आतून उकलतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. मीठ बाहेरून आत जातं. वरच्या थरात जास्त, गाभ्याकडे कमी. हे मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ.

मग आम्ही विजेचा दाब मोजला. निळ्या मोरचुदाच्या पाण्याची नळी खांबावर टेकवायची, तिची वायर मीटरला, मीटरची दुसरी वायर आतल्या सळईला. सळई गंजत असेल तर आकडा शून्याच्या खाली खोल जातो. प्रत्येक खांब फोडावा लागत नाही, कारण आठही खांबांच्या सळ्या वरच्या तुळयांमधून एकमेकींना बांधलेल्या असतात. एका ठिकाणी वायर लावली की सगळे हाताला लागतात. मी मोठ्याने आकडे सांगत गेलो, मुजावर लिहीत गेला. पाच नंबर अपेक्षेप्रमाणे भयंकर निघाला. बाकीचे सात मात्र छान. इतके छान की समुद्राकडचे चार आणि सहा नंबरही नव्या बांधकामासारखे. चोवीस वर्षं खारा वारा खाऊन.

"हे कसं, सर?" मुजावरने विचारलं.

"कारागिरी चांगली असेल," मी म्हणालो.

हे वाक्य मला नंतर बऱ्याचदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरचा कोअर काढायला घेतला. म्हणजे पोकळ तोंडाचं ड्रिल लावून काँक्रीटची मनगटाएवढी लांबट वडी काढायची. चांगुणाबाय आली, जाळं खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली.

"त्याला भोक पाडू नका, मास्तर."

"आजी, त्याला काही दुखत नाही."

"तुमाला कसं ठावं?"

नाखव्यांनी तिचा दंड धरून बाजूला घेतलं. ड्रिल सुरू झालं. पाणी आणि सिमेंटचा राखाडी चिखल ओघळायला लागला. हाताच्या पंजाएवढं आत गेलो असू, आणि ड्रिलचा आवाज बदलला. दगडाचा नाही, लोखंडाचा नाही. बारीक, उंच, किणकिणता. मुजावरने मशीन बंद केलं. नाखवे बोलायचे थांबले. हॉलमध्ये फक्त समुद्र ऐकू येत होता, आणि तोही आतून आल्यासारखा.

मी वडी ओढून काढली, पाण्याने धुतली. करड्या काँक्रीटमध्ये हिरवी अर्धवर्तुळं दिसत होती. एक, दोन, तीन. ड्रिलने स्वच्छ कापलेली काच.

"बांगड्या," मुजावर म्हणाला. त्याने वडी माझ्या हातात दिली, पँटला हात पुसले, आणि तो व्हॅनमध्ये जाऊन बसला. दार आतून लावून घेतलं. घरातलीच माणसं म्हणणारा माणूस.

मी एकटाच उरलो. वडी मधोमध फोडली आणि उघड्या बाजूवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. मीठ असेल तिथे पांढरं होतं, नसेल तिथे तपकिरी. बाहेरची कड पांढरी आणि आतला भाग तपकिरी, असं दिसायला हवं होतं. माझ्या डोळ्यांदेखत कडेला अंगठ्याएवढी तपकिरी पट्टी उमटली, आणि गाभा, जिथे चोवीस वर्षांत मीठ पोचूच शकत नव्हतं, तो भाग दुधासारखा पांढरा झाला.

फळ्यावरची रेघ उलटी झाली होती. समुद्र खांबाच्या आत होता, आणि तो बाहेर यायला निघाला होता.

"हे काय आहे?" मी नाखव्यांना विचारलं.

"आईशप्पत, सर, मला ठाऊक नाय. हॉल बांधला तेव्हा मी मुंबईला गोदीत होतो."

"ते मी सांगते," चांगुणाबाय म्हणाली. "बसा खाली."

मी बसलो. का कोण जाणे, नाखवेही बसले.

"चार खांब उभे झाले व्हते. आमी बायकाच घमेली वाहायचो, श्रमदान व्हतं. तवा धनलक्ष्मी बोट बुडाली. सहा बापे. माजा घरवाला तांडेल, बोट त्याच्या हाती. बारा दिवस दर्या धुंडाळला, एक चप्पल गावली. मयत नाय तर जाळायचं काय? बांगड्या फोडायच्या कुनाच्या अंगावर? पोलिसपाटील बोलला, सात वर्षं थांबा. सात वर्षं मी काय व्हते, मास्तर? सवाशीन का रांड?"

मी वडीचे तुकडे फरशीवर ठेवले.

"माज्या दिरानं होडी घातली. चप्पल गावली व्हती त्या जाग्यावर गेला. बाप्यांना सांगितलं, पूजेला पानी पायजे. सहा हंडे भरून आनले. तेराव्या दिवशी पाचवा खांब भरायचा व्हता. आमी सहाजनींनी काँक्रीटात तेच पानी ओतलं, पिंपातलं नाय. आनि बांगड्या काढून आत सोडल्या. मुकादमानं बघितलं, तोंड फिरवलं. त्याचा पन भाऊ व्हता त्या बोटीत." ती खांबाकडे बघत होती. "तिथं हाय तो. दुसरी जागा नाय त्याला."

नाखव्यांनी टोपी काढली होती.

आता मला सगळं कळलं, म्हणजे त्या वेळी तसं वाटलं. काँक्रीटमध्ये समुद्राचं पाणी ओतू नये हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे क्लोराइडला प्रवासच करावा लागला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून सळईला टेकून बसला होता.

"आजी," मी म्हणालो, "हा खांब आतून संपलाय. पौर्णिमेला चारशे माणसं इथे नाचणार. पोरं असतील, सुना असतील. तो बसला तर?"

"तो नाय बसायचा."

"कशावरून?"

"तो बाकीच्यांना धरून हाय. सहाजन हायेत. ते धरतात, म्हनून ह्ये सात उभे हायेत. त्यांना काय झालंय का? बघितलंत ना तुमी, निळं पानी लावून?"

"ते आकडे चांगले आहेत, खरं आहे. पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"नाय?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी बोललो आहे.

ती उठली. "मग तो तुकडा तरी मला द्या. बांगड्यांचा."

"नमुना आहे. लॅबमध्ये लागतो."

तिने पुन्हा मागितला नाही. तिने पुन्हा मागितला असता तर कदाचित दिला असता, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो.

जुलैत, पावसाची उघडीप बघून, तुळयांना लोखंडी टेकू दिले आणि पाच नंबर तोडला. मी मुद्दाम हजर होतो. अंगठ्याएवढ्या सळ्या घातल्या होत्या, त्या बाहेर आल्या त्या दाभणासारख्या. काही ठिकाणी सळईच नव्हती, तिच्या आकाराची लाल वाट होती नुसती. माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. नाखवे म्हणाले, "देवासारखे आलात, सर." चांगुणाबाय दारात उभी होती. मजूर घमेली भरून राडारोडा किनाऱ्यावर टाकत होते आणि ती प्रत्येक घमेल्यामागे जात होती. परत येत होती, पुन्हा जात होती.

नवा खांब गोड्या पाण्यात झाला. पाणी मी स्वतः तपासलं. पौर्णिमेला चारशे माणसं नाचली आणि काही झालं नाही. मी त्यावर एक शोधनिबंध लिहिला. बांगड्यांचा उल्लेख 'बाह्य पदार्थ' असा केला.

वडीचे दोन्ही तुकडे माझ्या केबिनमध्ये कपाटावर राहिले. सिल्व्हर नायट्रेटचा पांढरा भाग उजेडाने काळा पडत जातो, तसा तो पडला. पावसाळ्यात वडी ओली व्हायची. तिच्याखाली ठेवलेल्या उत्तरपत्रिकांवर गोल डाग पडायचे. मी जागा बदलली. मुजावर माझ्या केबिनमध्ये यायचा बंद झाला, फायली दारातूनच द्यायचा. "सर, ते परत करा," एवढंच एकदा म्हणाला. मी म्हटलं, दमटपणा आहे, इकबाल. तो म्हणाला, पुण्यात कुठला?

सात वर्षांनी नाखव्यांचा फोन आला.

"सर, जरा येऊन जाल? चार आणि सहा रडायला लागलेत."

मी मीटर घेतला, हातोडा घेतला. निघताना वडीचे तुकडे फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकले. का, ते मला विचारू नका. मुजावर निवृत्त झाला होता, मी एकटाच गेलो.

चार नंबरला उभी भेग, सहा नंबरला उभी भेग. मी हातोडी मारली. माठ. तीन नंबर, सात नंबर, तेही निम्म्याच्या वर गेलेले. मीटर लावला तर आकडे सगळीकडे खोल. फक्त माझा नवा पाच नंबर टणटणीत उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच्यापासून सुरुवात होऊन, लोखंड मरत गेलेलं होतं.

मी बाकावर बसलो. माझ्या समोर फळा नव्हता, तरी मला तो दिसत होता.

एकमेकींना बांधलेल्या सळ्यांमध्ये एखादी जोरात गंजत असली की तिच्यातून बाकीच्यांकडे बारीक प्रवाह वाहतो. ती झिजते, आणि तिच्या झिजण्याने बाकीच्या वाचतात. खारा वारा त्यांच्यापर्यंत पोचला तरी त्यांना लवकर काही होत नाही, कारण कुणीतरी त्यांच्या वाटणीचं गंजत असतं. त्याला काढून तिथे निरोगी खांब बसवला की शेजारचे उघडे पडतात. हे पुस्तकात आहे. या प्रकाराला नाव आहे. मी ते दरवर्षी शिकवायचो, त्यावर सहा मार्कांचा प्रश्न विचारायचो, आणि आकृती नसेल तर दोन कापायचो. भाटखोलला माझ्या हातात आठ खांबांचे आकडे होते, वायर एकाच सळईला लावलेली होती, आणि समोर एक बाई मला तेच उत्तर तोंडी सांगत होती. मी तिला शून्य दिलं होतं.

पाच नंबर तोडायला हवाच होता, हे आजही म्हणेन. पण बाकीचे उघडे पडणार, हे त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

"काय झालं, सर?" नाखव्यांनी विचारलं. ते बरेच थकले होते.

"हॉल रिकामा करा. आजच. कुणालाही आत सोडू नका."

"आणि नंतर?"

"पाडावा लागेल. सगळा."

मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूकही. त्यांनी ऐकून घेतलं आणि किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून हातात धरून बसले.

चांगुणाबाय खिडकीखाली होती. जाळं नव्हतं, हात थरथरत होते, पाठ मात्र तशीच ताठ. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"आजी, तुमचं बरोबर होतं."

"कशाचं?"

"तो बाकीच्यांना धरून होता."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा रडेल. "तुमचा खांब चांगला हाय, मास्तर," ती म्हणाली. "रोज कान लावते. आत कोनी नाय."

मी पिशवीतून फडकं काढलं. ते ओलं होतं. पुण्याहून निघताना कोरडं होतं, याबद्दल मी शपथ घेऊ शकतो, पण माझ्या शपथेला भाटखोलमध्ये काय किंमत होती ते मला माहीत होतं. मी दोन्ही तुकडे तिच्या ओंजळीत ठेवले. काळे पडलेले, आणि त्यांत हिरव्या काचेची अर्धवर्तुळं, कालच कापल्यासारखी.

तिने ते एकमेकांना जुळवले. सात वर्षांपूर्वी मी फोडले होते त्या रेषेत ते नीट बसले. मग तिने ती वडी कानाला लावली आणि डोळे मिटले.

नाखवे उभे होते. बाहेर ओहोटी होती. किनारा लांब गेलेला, लाटेचा आवाज नव्हता.

"गप आहे का?" मी विचारलं.

तिने डोळे उघडले. वडी कानापासून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"माज्याशी नाय बोलत," ती म्हणाली. "तुमाला बोलावतोय."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. मी कान लावला.